बक्षीस नको, पास द्या

प्रश्न : सप्रेम नमस्कार, बाई. आम्ही भांडुपला वन बीएचकेमध्ये पाच जण राहतो. मी पतपेढीत नोकरीला आहे. मिस्टर फॅक्टरीत, एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. सासूबाई घरी असतात. मुलगी आठवीत आहे, साडेतेरा वर्षांची. मुलगा तिसरीत. जूनपासून मुलीला मुलुंडच्या क्लासला घातलंय. क्लास रात्री साडेआठला सुटतो, मग ती आणि तिची मैत्रीण ट्रेननं येतात. अंतर फार नाही, पण गाड्या लेट झाल्या की माझा जीव टांगणीला लागतो. जुलैत एकदा पावसानं गाड्या रखडल्या आणि पोर दहाला घरी आली. तोवर मी स्टेशनच्या पुलावर उभी होते.

मुलीचं रोजचं पालुपद, 'वर्गात सगळ्यांकडे फोन आहे, मलाच नाही.' क्लासच्या नोट्सही व्हॉट्सॲपवर येतात, त्या माझ्या फोनवर. मिस्टरांनी मला न विचारता कबूल करून टाकलं की सहामाहीत ८५ टक्के मिळाले तर दिवाळीत नवा फोन. मी म्हटलं, तिकडे ऑस्ट्रेलियात सोळाच्या आतल्यांना बंदी केलीय आणि आपण दिवाळीची भेट देतोय? त्यावरून आठवडाभर अबोला.

त्यातच परवा सासूबाई म्हणाल्या, 'माझ्या फोनात जागा नाही असं सारखं काहीतरी येतं गं.' मी बघितलं तर त्यात मुलीचं इन्स्टाग्राम! जन्मसाल २००३ टाकलेलं. फोनात चारशेच्या वर फोटो. पंख्याचे, कपाटाच्या आरशातले, अर्ध्या चेहऱ्याचे. वाईट म्हणावं असं काही नव्हतं, तरी मला रात्रभर झोप लागली नाही. अजून तिला काही बोललेले नाही. फोन द्यावा का? की आजीचाही काढून घ्यावा?
(एक आई, भांडुप)

उत्तर : ताई, आधी आजींचा फोन आजींना परत द्या. नातीनं 'जरा दे गं' म्हटल्यावर नाही म्हणणारी आजी मी अजून पाहिलेली नाही, आणि मी स्वतः आजी आहे.

तुमच्या पत्रात फोन एक नाही, दोन आहेत. एक पुलावरचा आणि एक आरशातला. पुलावरचा म्हणजे 'आई, नाहूरला गाडी थांबलीय' एवढं सांगणारा. त्याला ना इंटरनेट लागतं ना कॅमेरा. बटणांचा साधा फोन हजार-दीड हजारात येतो, एकदा चार्ज केला की दोन दिवस बघायला नको, आणि प्लॅटफॉर्मवर पडला तर उचलून पुसायचा. सिम तुमच्या नावावरच घ्यावं लागेल, अठरा पूर्ण होईपर्यंत ते मुलांच्या नावावर मिळत नाही. दुकानात एवढं विचारून घ्या की यात यूपीआय आणि व्हिडिओ आहेत का, कारण हल्ली काही बटणांच्या फोनांतही ते असतात. हा फोन टक्क्यांवर टांगून ठेवू नका. पोरीला ८४ टक्के पडले तर काय मध्य रेल्वे वेळेवर धावणार आहे? याच आठवड्यात घ्या.

ती नाक मुरडेल. 'डबडा' म्हणेल. मैत्रिणींसमोर काढायची लाज वाटते म्हणेल, आणि ती खरंच वाटते, तिला हसू नका. परळला आमच्या चाळीतून शाळेत जाताना वडिलांची काळी मोठी छत्री न्यायची मला इतकी लाज वाटायची की मी ती जिन्याखाली ठेवून भिजत जायचे. न्यूमोनिया व्हायची वेळ आली तेव्हा कुठे आईला कळलं. तरी छत्री बदलली नाही. फक्त 'लाज वाटते होय?' एवढंच विचारलं, आणि मला ते पुरलं.

आता आरशातला फोन. इथे माझं तुमच्या मिस्टरांशी भांडण आहे, आणि ते मी हात पोळलेली बाई म्हणून करते. २००४ साली माझ्या मुलाला दहावीला ८२ टक्के मिळाले. मी तेव्हा वीस वर्षं शाळेत शिकवत होते, दर पालकसभेत इतरांना शहाणपण सांगत होते. आणि मी काय केलं, तर पेढ्यांबरोबर त्याच्या हातात रंगीत पडद्याचा नवा कोरा हँडसेट ठेवला. कनेक्शन पोस्टपेड, माझ्या नावावर. पहिले दोन महिने बिलं आली, मग यायची थांबली. मला वाटलं, पोस्टाचा घोळ. दिवाळीत माझा भाऊ आला, त्याला गाण्याची लहर आली म्हणून माळ्यावरून पेटी काढली, तर पेटीच्या खोक्यात भात्याखाली तीन पाकिटं, न फोडलेली. एकातले एसएमएसचे आकडे वाचून मी स्टुलावरून खाली उतरले आणि जमिनीवरच बसले. म्हटलं, आण तो फोन इकडे. त्यानं आवाजही न चढवता विचारलं, 'बक्षीस परत घेतात का, आई?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. बरोबरच होतं त्याचं. बक्षीस एकदा दिलं की ते मिळवणाऱ्याचं झालं, त्यावर देणाऱ्याचा शब्द चालत नाही.

म्हणून म्हणते, फोन द्यायचाच तर लोकलच्या पासासारखा द्या. पास कुणी कुणाला बक्षीस देत नाही. जायचं असतं म्हणून काढतो. त्यावर कुठून कुठपर्यंत ते छापलेलं असतं आणि कधीपर्यंत तेही. तीन महिन्यांचा संपला की नवा काढताना घरात आपसूक बोलणं होतं : क्लास चालू आहे ना, फर्स्ट क्लासचा हवा म्हणतेस तो कशाला, सुट्टीत काढायचा की नाही. भांडुप-मुलुंडच्या पासावर कुणी कर्जतला जात नाही, आणि गेलं तर टीसीसमोर रडून उपयोग नसतो. पण पास आहे म्हणून मुलीच्या मागे कुणी डब्यात बसून राहतं का? तेही नाही.

तर दिवाळीत फोन येऊ दे, मिस्टरांचा शब्द मोडू नका. मुलांच्या लेखी बापाचा शब्द एकदा फुकट गेला की तो परत कमवायला फार वर्षं लागतात. फक्त त्यांनी स्वतः तिला सांगायचं : टक्क्यांची अट मी काढली, ७० पडले तरी फोन येईल, पण तो घरचा असेल, तुझ्याकडे तीन महिन्यांच्या पासावर. हे तुम्ही सांगू नका. ज्यानं कबूल केलं त्यानंच दुरुस्त करावं. पहिल्या पासात फोन करणं-घेणं, क्लासचा ग्रुप, नकाशा, गाड्यांचं वेळापत्रक. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोघांच्या नियमात तेरा वर्षं ही खालची मर्यादा आहे, तेव्हा तुमच्या लेकीला नियमानं दोन्ही मिळू शकतात. पण मिळू शकतं ते सगळं पहिल्याच दिवशी द्यायचं नसतं. इन्स्टाग्राम दुसऱ्या पासाला बघू म्हणा, आणि तेव्हा खरंच बघा. 'बघू' म्हणजे 'नाही' असं आपल्या घरांतून इतक्या वेळा झालेलं असतं की मुलं तो शब्द ऐकतच नाहीत.

ऑस्ट्रेलियाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळाच्या आत समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. पण ती बंदी खात्यांवर आहे, हातातल्या फोनवर नाही, आणि ती पाळायची जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय, आयांवर नाही. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा अठरापर्यंत मूलच मानतो आणि माहिती वापरायला पालकाची संमती मागतो. तरी भांडुपच्या घरात काय चालेल हे शेवटी भांडुपलाच ठरवावं लागणार. मिस्टरांशी अबोला ऑस्ट्रेलियावरून नको.

आता ते २००३. हे मात्र मला तुमच्याइतकंच टोचलं, फोटोंपेक्षा जास्त. इन्स्टाग्राममध्ये अठराच्या आतल्या मुलांचं खातं आपोआप खासगी असतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज पाठवता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशनं गप्प राहतात, आणि सोळाच्या आत असेल तर हे सैल करायला आईबापाची परवानगी लागते. तुमच्या मुलीनं २००३ लिहिलं तेव्हा यातलं एकही तिच्या वाट्याला आलं नाही. त्या कंपनीच्या लेखी ती विशी पार केलेली बाई आहे. हे तिला भाषण म्हणून नको, असंच शेजारी बसून दाखवा. आणि 'मी पाहिलं' हे लपवू नका. 'आजीच्या फोनात जागा संपली म्हणून उघडलं, तुझे फोटो दिसले, मला भीती वाटली.' भीती वाटली म्हणायला आपल्याला कमीपणा वाटतो, म्हणून आपण ओरडतो. ते खातं तिच्याच हातानं बंद होऊ द्या. पुढचं उघडेल ते खऱ्या जन्मतारखेचं.

आणि पंख्याचे फोटो. ताई, ते माझ्या डोक्यातून जात नाहीत. पंख्याचा फोटो माणूस कधी काढतं? उताणं पडलेलं असताना. एका बाजूला आजीची मालिका, दुसऱ्या बाजूला धाकट्याचे पाढे, ओट्यावर कुकर, वडील सेकंड शिफ्टहून यायचे म्हणून मधली वाट मोकळी ठेवलेली, आणि या सगळ्याच्या मधोमध साडेतेरा वर्षांची मुलगी वर बघत पडलेली. तुमच्या घरात तिला लावून घेता येईल असं दार एकच, बाथरूमचं, आणि तिथे पाच मिनिटांत कुणीतरी थाप मारतं. मुंबईतल्या मुलांचं हे दुखणं मी ३४ वर्षं बाकांवर बघितलंय. रडायचं असलं तरी त्यांना जागा शोधावी लागते. माझ्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यावर नुसती बसायची, काही न करता. विचारलं तर म्हणाली, 'बाई, इथे कुणी नसतं.' फोन त्या जिन्यासारखा असतो. तुम्ही तो काढून घेतलात तर ती वस्तूसाठी रडणार नाही, जागेसाठी रडेल.

म्हणून फोन येईल तेव्हा येईल, त्याआधी घरात तिला थोडी जागा करून द्या. खोली कुठून आणणार, ते मला कळतं. पण कपाटाचा एक खण कुलपासकट द्या, किल्ली एकच ठेवा आणि ती तिच्याकडे. दुसरी किल्ली करून ठेवाल तर तिला कळेल, त्यांना कळतंच. रविवारी संध्याकाळी आजींना घेऊन देवळात जा, धाकट्यालाही न्या, आणि तासभर घर तिला द्या. परत येताना बेल वाजवा, लॅचची चावी लावून आत शिरू नका.

रात्रीचं कडक ठेवा. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात, आणि तुमची मुलगी नऊ-सव्वानऊला घरी येऊन जेवणार, म्हणजे हिशेब तसाही तंगच आहे. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे २०२२ साली गावानं ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मला ते वाचून गिरण्यांचे भोंगे आठवले. लालबाग-परळला आम्ही त्यावर घड्याळ लावायचो आणि डबेही. भांडुपला भोंगा कुठून आणणार, आजींच्या मालिकेचं शेवटचं गाणं वाजलं की फोन चार्जिंगला, असं ठरवा. चार्जिंग ओट्याजवळच्या बोर्डावर, उशाशी नाही. पण वडगावात ते चाललं ते मोठ्यांनीही फोन ठेवले म्हणून. मिस्टरांचा फोन शिफ्टसाठी चालू राहिला तरी ठेवायचा त्याच बोर्डापाशी. आणि तुमचाही, ताई. रात्री अकराला आपण पैठण्यांचे व्हिडिओ बघतो ते पोरांना दिसत नाही असं आपल्यालाच वाटतं.

क्लासवाल्यांना सांगा, नोट्स तुमच्याच नंबरवर येत राहू देत, रात्री नऊनंतर टाकलेलं दुसऱ्या दिवशी बघितलं जाईल. एका पालकानं म्हटलं तर ऐकणार नाहीत, पाच जणींनी मिळून म्हणा. फी घेतात ना?

फोनातल्या सेटिंगचं जास्त लिहीत नाही. अँड्रॉइड असेल तर गुगलचं फॅमिली लिंक लावा, त्यात कुठलं ॲप घालायचं ते तुम्हाला विचारलं जातं आणि रात्रीची वेळ बांधता येते. लावताना ती शेजारी असू द्या, चोरून काही नको. यूपीआय तिच्या फोनात नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं देशभर बंदी आहे, पण 'हे टाक, ते जिंकशील' म्हणणारे काही संपले नाहीत. फसवणूक झाली तर १९३०, मुलांसाठी मदत १०९८, रेल्वेत काही झालं तर १३९. हे आकडे फोनात नकोत, क्लासच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावा.

वहीत का, तर २६ जुलै २००५ मुळे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो दिवस. आमच्या शाळेत दुसऱ्या मजल्यावर रात्रभर ४१ मुलं होती, मी आणि दोन शिपाई. फोन खूप जणांकडे होते तोवर, माझ्याकडेही होता, माझ्या मुलाच्या त्याच हँडसेटची कृपा. पण नेटवर्क नाही, वीज नाही, शाळेचा लँडलाइन मुका. ग्लुकोज बिस्किटांचे पुडे प्रत्येकी चार बिस्किटं असे वाटले. मध्यरात्री छातीभर पाण्यातून एक वडील आले, त्यांनी वर येऊन मुलाला नुसतं बघितलं आणि तिथेच भिंतीला टेकून झोपले. सकाळी विचारलं, घाबरला नाहीत? म्हणाले, 'पाणी भरलं तर शाळेतून हलायचं नाही, हे आमचं पहिलीपासून ठरलेलंय. तो इथेच असणार हे माहीत होतं, फक्त उपाशी असेल म्हणून आलो.' हातात डबा होता. भातात पाणी गेलं होतं.

तेव्हा आज संध्याकाळी लेकीला तुमचा नंबर पाठ विचारा. दहाच्या दहा आकडे. मग मिस्टरांचा. मी नातवाला विचारला तर त्याला फक्त 'आजी' असं सेव्ह केलेलं माहीत होतं. आणि ठरवून टाका : गाड्या बंद पडल्या तर रुळांवरून चालायचं नाही, मैत्रिणीला सोडून निघायचं नाही, मुलुंडला असेल तर क्लासमध्ये परत जायचं, मधेच असेल तर लेडीज डब्यातून उतरायचं नाही. तुम्ही तिकीटखिडकीपाशी उभ्या राहायचं. पुलावर नको, तिथे पावसात धड उभंही राहता येत नाही आणि दोन्ही जिने एकदम दिसत नाहीत.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. आई रोज रात्री माझा फोन उघडून सगळे चॅट वाचते. मित्रांनी मला ग्रुपमधून काढलं, कारण 'तुझी आई वाचते'. मला काही प्रायव्हसी नाही का?
(एक मुलगा, गिरगाव)

उत्तर : आहे रे. आणि तुझ्या मित्रांनाही आहे, त्यांनी तुझ्या आईला लिहिलेलं नव्हतं. त्यांनी काढलं यात त्यांची चूक नाही, हे तुला आवडणार नाही.

आईला हे पान दाखव. तिला विचार, 'तू नेमकं काय शोधतेस?' रागानं नको, चहा करून दे आणि विचार. बहुतेक आयांना स्वतःलाच माहीत नसतं. कुठेतरी काहीतरी वाचलेलं असतं आणि हात आपोआप फोनकडे जातो. मग अशी बोली कर : फोन तिनं केव्हाही हातात घ्यावा, पण तुझ्यासमोर. मित्रांचे चॅट वाचायचे नाहीत. त्या बदल्यात कुणी तुझ्याकडे फोटो मागितले, पैसे मागितले किंवा धमकी दिली, तर तू त्याच रात्री तिला सांगायचं, सकाळची वाट बघायची नाही. आणि तिनं कबूल करायचं की सांगितलंस म्हणून फोन जप्त होणार नाही. हे शेवटचं तिच्याकडून मोठ्यानं म्हणवून घे. पोरं सांगत नाहीत ती फोन जाईल या भीतीनं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांत तेच असतं.

ती नाही म्हणाली तर मला परत लिही, मी तिला वेगळं पत्र पाठवीन. पत्ता मात्र या वेळी नीट लिही, चाळीचं नाव शाईत फुटलं होतं.